गेम खेळायला जपानला जायचं?

ताई, नमस्कार.

मुलाची दहावीची परीक्षा आटोपली की मे महिन्यात आम्ही तिघं जपानला निघालोय. टोकियोत उतरायचं, ओसाकाहून परतायचं, मध्ये दहा रात्री. बरीच वर्षं पैसे साठवलेत. टूर कंपनी न घेता आपलं आपण जायचं ठरवलं आणि तिथूनच घरात भांडणं सुरू झाली.

मुलाने यादी दिलीय. टोकियोतला गेमच्या दुकानांचा भाग अकिहाबारा एक दिवस, क्योटोजवळचं निन्टेंडो या गेम कंपनीचं संग्रहालय एक दिवस, ओसाकाच्या युनिव्हर्सल स्टुडिओतला मारिओचा भाग एक दिवस. आमचे हे महावितरणमध्ये इंजिनिअर आहेत. ते म्हणतात, "गेम इथे सांगलीत खेळतोस तेवढे कमी पडतात का? लाखांनी पैसे घालून जायचं तर फुजी बघू, देवळं बघू, बुलेट ट्रेनमध्ये बसू." मुलगा म्हणतो, देवळं काय आपल्याकडेही आहेत. जेवताना हा विषय काढायचा नाही, असं मी दोघांना बजावलंय.

शिवाय त्याला तिथून निन्टेंडोचं स्विच २ हे गेमचं यंत्र घ्यायचंय, तिकडे स्वस्त मिळतं म्हणे. ह्यांचं म्हणणं, परदेशात मुलाच्या फोनला इंटरनेटच द्यायचं नाही, म्हणजे मान वर करून बघेल तरी. तिकडे यूपीआय चालत नसेल तर पैशांचं काय करायचं? आणि खिचडीपुरता छोटा इलेक्ट्रिक कुकर न्यावा का?

मी पुण्याला शिकायला होते तेव्हा सिंहगड रोडच्या ओकायामा बागेत पुष्कळ बसायचे. ती मूळ बाग तिकडेच कुठेशी आहे ना? असो. आधी ह्या दोघांचं काय ते सांगा.

– दोघांच्या मध्ये, सांगली

*

नमस्कार.

आधी निकाल सांगते, मग कारणं. मुलाला तीनऐवजी दोन दिवस द्या. अकिहाबारा आणि निन्टेंडोचं संग्रहालय ठेवा, युनिव्हर्सल स्टुडिओवर काट मारा. स्विच २ तिथून घेऊ नका. मुलाच्या फोनला इंटरनेट द्याच. कुकर घरीच राहू दे. आणि पत्राच्या शेवटी 'असो' म्हणून तुम्ही जे बाजूला सारलंत, त्याच्याकडेही मी येणार आहे.

तुमच्या घरच्या भांडणात एक गंमत आहे. तुमच्या ह्यांचं म्हणणं, गेम इथेही आहेत. मुलाचं म्हणणं, देवळं इथेही आहेत. म्हणजे बापलेक एकच वाक्य बोलतायत, फक्त दुसऱ्याच्या आवडीबद्दल. दोघांनाही देण्यासारखं उत्तर एकच आहे. जे आपल्याकडे आहे ते तिथे कसं वेगळं आहे, हेच बघायला तर माणूस तिकीट काढतो. नाहीतर डोंगरसुद्धा आपल्याकडे आहेत की, मग फुजी तरी कशाला?

संग्रहालयापासून सुरुवात करू, कारण तुमचं निम्मं भांडण तिथेच मिटेल असं मला दिसतंय.

निन्टेंडो म्हणजे मारिओ, एवढंच इंजिनिअरसाहेबांना ठाऊक असेल. ही कंपनी क्योटोत १८८९ साली फुसाजिरो यामाउची या माणसाने काढली आणि ती विकायची पत्ते. हानाफुदा नावाचे, बारा महिन्यांची फुलं-झाडं रंगवलेले ४८ पत्ते. आपल्या सावंतवाडीच्या गंजिफांची आठवण व्हावी असं ते काम. व्हिडिओ गेम फार नंतर आले: हातात धरायचा 'गेम अँड वॉच' १९८० मध्ये, टीव्हीला जोडायचा 'फॅमिकॉम' १९८३ मध्ये. मधल्या काळात या कंपनीने खेळणी, बोर्डवरचे खेळ असं बरंच काय काय करून पाहिलं. संग्रहालय २ ऑक्टोबर २०२४ ला उघडलं ते क्योटोच्या दक्षिणेला उजी या गावी, कंपनीच्या जुन्या कारखान्यात. १९६९ साली बांधलेल्या या कारखान्यात पत्तेच तयार व्हायचे. तेव्हा तिथे जाणं म्हणजे क्योटोतला एक जुना धंदा बघायला जाणं आहे. यात गेम किती आणि जपान किती, हे सांगणं मला तरी अवघड वाटतं.

आता इंजिनिअरसाहेबांना एक प्रश्न विचारा. लहानपणी सुट्टीत टीव्हीला तो गेम जोडला होता का, कॅसेट फुंकून आत घालायचा? 'काँट्रा', मारिओ, बदकं मारायची बंदूक? नव्वदच्या दशकात आपल्याकडे गल्लोगल्ली जी यंत्रं विकली गेली, त्यातली बहुतेक याच फॅमिकॉमच्या नकला होत्या. ते पन्नाशीच्या आसपास असतील असं धरते. तसं असेल तर त्यांनीही निन्टेंडो खेळलाय, फक्त नाव माहीत नव्हतं. संग्रहालयात अस्सल यंत्र काचेपलीकडे ठेवलंय आणि खालच्या मजल्यावर चक्क माणसाएवढाले कंट्रोलर आहेत. ते इतके मोठे आहेत की एकट्याला चालवता येत नाहीत. एकाने बाणांची बटणं सांभाळायची, दुसऱ्याने उडी मारायचं. तिथे बापलेकांना एकत्र उभं करा आणि तुम्ही बाजूला होऊन चहा प्या. गाव उजी आहे, चहासाठीच नावाजलेलं.

तिकिटाबरोबर प्रत्येकाला खेळण्यासाठी दहा नाणी मिळतात, खरी नव्हेत, कार्डावर भरलेली. सगळे खेळ खेळून होतील इतकी ती नसतातच, निवड करावी लागते. ही कल्पना मला बेहद्द आवडते. वरच्या मजल्यावरच्या मांडणीत फोटो काढू देत नाहीत, तेही उत्तमच.

आणि हे यजमानांसाठी. त्याच उजी गावात ब्योदो-इन आहे. १०५३ सालचा फीनिक्स मंडप, पुढे तळं, तळ्यात त्याचं प्रतिबिंब. जपानच्या दहा येनच्या नाण्यावर हाच मंडप कोरलेला आहे. संग्रहालयापाशी जेआर-ओगुरा हे स्टेशन आहे आणि तिथून उजी हे पुढचंच स्टेशन. सकाळी देऊळ, दुपारी संग्रहालय. एका दिवसात दोघांच्या याद्यांतला एकेक मोठा आकडा कमी झाला.

फक्त तिकिटाचं आत्ताच बघा, कारण दारावर जाऊन ते मिळत नाही. निन्टेंडोच्या संकेतस्थळावर खातं उघडून अर्ज करायचा, मग सोडत निघते. जायच्या महिन्याच्या तीन महिने आधी अर्ज करावा लागतो. म्हणजे मेसाठी फेब्रुवारीत, ऐन बोर्डाच्या तोंडावर. हे काम मुलावर सोडू नका, नाहीतर "अर्जच करतोय" म्हणत तास तास स्क्रीनसमोर बसेल. यजमानांना करू द्या. विजेच्या खात्यात ऑनलाइन अर्जांची सवय असेलच. उघडलं तेव्हा मोठ्यांचं तिकीट ३,३०० येन होतं आणि १२ ते १७ वयाच्या मुलांचं २,२००. नंबर लागला नाही तर उरलेल्या जागा नंतर विकायला काढतात, त्यावर लक्ष ठेवा. २९ एप्रिल ते ५ मे हा काळ मात्र टाळा. त्यांच्या सुट्ट्या एकापाठोपाठ येतात आणि सगळा देश घराबाहेर पडतो. मेचा दुसरा आठवडा उत्तम.

युनिव्हर्सल स्टुडिओ का नको? मारिओचा तो भाग २०२१ मध्ये सुरू झाला आणि छान केलाय म्हणतात. पण तिकीट महाग, रांगा लांब, गर्दीच्या दिवशी त्या भागात शिरायला वेगळी वेळ घ्यावी लागते. आणि मुख्य म्हणजे असे स्टुडिओ इतर देशांतही आहेत. उजीचं संग्रहालय एकच आहे. दोन्ही हवं असं मुलगा म्हणाला तर एकच निवडायला सांगा. गेम खेळणाऱ्या मुलांना निवड कळते, घरच्यांना वाटतं त्यापेक्षा बरीच जास्त.

आता अकिहाबारा. इथे माझी भीती वेगळीच आहे. मुलगा कंटाळून बाहेर येईल आणि वडील सापडणार नाहीत.

आज तिथे गेम, अ‍ॅनिमे, बाहुल्या यांची दुकानं एकावर एक चढलेली दिसतात. पण या भागाचा जन्म महायुद्धानंतरच्या रेडिओच्या सुट्या भागांच्या बाजारातून झाला. रस्त्यावर व्हॉल्व्ह, वायरी, कॉइल विकणारी माणसं पुढे रेल्वेच्या पुलाखालच्या गाळ्यांत गेली आणि त्यातले काही गाळे अजून आहेत. रेडिओ सेंटर म्हणतात त्याला, स्टेशनला अगदी लागून. बोळ इतके अरुंद की समोरून माणूस आला तर अंग चोरावं लागतं. एका गाळ्यात फक्त स्विच, दुसऱ्यात फक्त कनेक्टर, तिसऱ्यात मीटर. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर रमणारा माणूस इथून तासाभरात निघाला तर मला आश्चर्य वाटेल. मुलाच्या हौसेसाठी म्हणून काढलेला दिवस यजमानांना जास्त मानवेल, पण हे त्यांना आधी सांगू नका.

मुलासाठी तिथे गेम सेंटर आहेत, पाच-सहा मजली. बहुतेक यंत्रं शंभर येनच्या नाण्यावर चालतात, म्हणजे एका डावाला पन्नास-साठ रुपये. चिमट्याने खेळणं उचलायचं ते यंत्र सगळ्यात जास्त पैसे खातं. चिमटा किती घट्ट धरणार हे दुकानदार ठरवतो, हे मुलाला एकदा सांगून ठेवा. माझं मत विचाराल तर पैसे तालावरच्या खेळांवर घालवावेत. ढोल वाजवायचा 'ताइको' आहे, पायांनी नाचायचे आहेत. भाषा लागत नाही आणि तिथली पोरं ते ज्या सफाईने खेळतात ते बघायला पैसेही पडत नाहीत. त्याला दिवसाची ठरावीक नाणी सकाळीच हातात द्या. संपली की संपली.

दोन गोष्टी आई म्हणून माहीत असू द्या. टोकियोत १६ वर्षांखालच्या मुलांना संध्याकाळी ६ नंतर गेम सेंटरमध्ये पालकांशिवाय प्रवेश नाही आणि रात्री १० नंतर १८ खालच्या कुणालाच नाही. तुमचा मुलगा पंधराचा, म्हणजे हा नियम त्याला लागू होतो. आणि अकिहाबाराच्या काही दुकानांचे वरचे मजले फक्त प्रौढांसाठी असतात, जिन्यापाशी १८ हा आकडा लिहिलेला असतो. घाबरण्यासारखं काही नाही. त्या आकड्याचा अर्थ त्याला आधीच सांगून टाकला की तिथे उभं राहून अवघडायला नको.

बुलेट ट्रेन तर तुम्हाला टोकियोहून क्योटोला जाताना लागणारच आहे. नोझोमी गाडीने सव्वादोन तास. जाताना उजव्या हाताला फुजी दिसतो, म्हणून साध्या डब्यात 'ई' आणि 'डी' या जागा मागा. टोकियो सोडल्यावर पाऊण तासाच्या आसपास शिन-फुजी स्टेशन मागे पडतं आणि लगेच फुजी नदीवरचा पूल येतो. फोटो काढणारे सगळे त्या पुलाची वाट बघत बसलेले असतात.

त्याच पुलावर यजमानांना खिडकीतून वेगळं काही बघायला सांगा. जपानमध्ये पूर्वेकडे ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला पन्नास आवर्तनांची, वीज आहे आणि पश्चिमेकडे ६० हर्ट्झची, आणि या भागात त्यांची हद्द साधारण याच नदीवरून जाते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी टोकियोने जर्मन जनित्रं घेतली, ओसाकाने अमेरिकन, आणि ते वेगळेपण आजवर मिटलेलं नाही. २०११ च्या भूकंपानंतर टोकियोकडे विजेचा तुटवडा होता आणि पश्चिमेकडे वीज होती, पण ती वळवायला मधली रूपांतर केंद्रं अपुरी पडली. त्यांची सगळी मिळून क्षमता तेव्हा १,००० मेगावॅटच्या आसपास होती. तुम्ही ज्या गाडीत बसाल ती मात्र टोकियोपासूनच ६० हर्ट्झवर धावते, त्यासाठी पूर्वेच्या टप्प्यात वीज बदलून घेतात. महावितरणमधला माणूस हे ऐकून फुजीकडे पाठ करून बसला तर मला दोष देऊ नका.

सात दिवसांचा रेल्वे पास घेऊ नका. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये तो ५०,००० येन झाला. तुम्ही टोकियोहून ओसाकाच्या दिशेने एकदाच जाणार, परत फिरणार नाही. सुटी तिकिटं खूप स्वस्त पडतील. मोठ्या बॅगेची लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंटीमीटरच्या वर जात असेल तर बॅगेच्या जागेसकट सीट राखून ठेवावी लागते. घरीच टेप लावून बघा.

स्विच २ बद्दल मुलगा अर्धं खरं बोलतोय. जून २०२५ मध्ये तो जपानमध्ये ४९,९८० येनला आला, बाकी देशांपेक्षा बराच स्वस्त. पण ती किंमत ज्या यंत्राची होती त्याची भाषा फक्त जपानी आहे आणि त्याला देश म्हणून जपान नोंदवलेलंच खातं जोडता येतं. सगळ्या भाषांचं यंत्र वेगळं आहे, ते ६९,९८० येनला काढलं आणि कंपनीच्या स्वतःच्या ऑनलाइन दुकानातच ठेवलं. बाहेरच्यांनी स्वस्तातलं उचलून नेऊ नये म्हणूनच ही योजना. सोनीनेही नोव्हेंबर २०२५ मध्ये प्लेस्टेशन ५ ची अशीच फक्त जपानी भाषेतली स्वस्त आवृत्ती काढलीय, तेव्हा तिकडेही बघू नका. मुलाला हे माहीत असण्याची शक्यता मला बरीच वाटते. तो म्हणेल, मी जपानी शिकेन. शिकू दे. पुण्यामुंबईत ती शिकवणारे पुष्कळ आहेत, ऑनलाइनही वर्ग आहेत. पहिली परीक्षा पास झाला की मग यंत्राचं बोलू, असं सांगा.

आठवण म्हणून काही घ्यायचंच असेल तर अकिहाबारात जुन्या गेमची दुकानं आहेत, तिथे वापरलेला गेमबॉय बघा. १९८९ चं यंत्र, चार पेन्सिल सेलवर चालतं, कुठल्याही देशातली कॅसेट घेतं, खातं नाही, इंटरनेट नाही. सोबत 'टेट्रिस' घ्या, त्याला कुठलीच भाषा लागत नाही. पुढे बिघडला तर घरात इंजिनिअर आहे. अशा दुकानात पासपोर्ट दाखवून विक्रीकर वाचवता येतो. बिल किमान ५,००० येनचं, तेही करमुक्त विक्रीची पाटी असलेल्या दुकानातच. १ नोव्हेंबर २०२६ पासून ही पद्धत बदलते. आधी पूर्ण पैसे भरायचे आणि देश सोडताना कर परत घ्यायचा. तुम्ही त्याआधी गेलात तर दुकानातच काम होईल.

आता फोन. यजमानांचा हेतू मला कळतो, उपाय पटत नाही. परक्या देशात पंधरा वर्षांच्या मुलाकडे इंटरनेट नसेल तर तो तुम्हाला चिकटून राहील आणि तुम्ही त्याला. तिघांना दहा दिवस सतत एकत्र ठेवलं तर भांडणाला विषयसुद्धा लागत नाही. एकच छोटं वायफाय यंत्र भाड्याने घेऊन तिघांत वापरायची पद्धत आहे, तीही नको. ज्याच्या खिशात ते यंत्र त्याच्यामागे बाकीचे दोघं फिरत बसतात. प्रत्येकाला स्वतंत्र ई-सिम, म्हणजे कार्ड न घालता फोनमध्येच भरायचं सिम, घ्या. तुमचे फोन ई-सिम घेतात का हे आधी तपासा, नसतील तर साधं प्रवासी सिम मिळतं. त्यात बहुधा नुसता डेटा असतो, फोन नंबर नसतो, म्हणून आपसात व्हॉट्सअ‍ॅपवरून बोला. पोलिसांसाठी ११० आणि रुग्णवाहिकेसाठी ११९ हे आकडे मुलाला पाठ असू द्या.

आणि त्याला काम द्या. रोजचा रस्ता, कुठली गाडी, कुठला फलाट, स्टेशनच्या कुठल्या दाराने बाहेर पडायचं, हे सगळं त्याच्याकडे. टोकियोचं शिंजुकू स्टेशन, तिथली दोनशेच्या वर दारं आणि हातात नकाशा, यापेक्षा अवघड गेम त्याने खेळलेला नसेल. इथे एक अट मात्र यजमानांवर: तो चुकला तर पहिली दहा मिनिटं काही बोलायचं नाही. गाडीत बसल्यावर त्याने रील्स बघितल्या तर बघू द्या. तिथलेही सगळे गाडीत फोनच बघत असतात. फक्त आवाज बंद, आणि गाडीत फोनवर बोलायचं नाही. आपल्याकडे एसटीत सगळ्यांना ऐकू जाईल असा व्हिडिओ लावणारे काका मला फार छळतात, त्यामुळे या एका बाबतीत मी पूर्ण जपानी आहे.

पैशांचं सोपं आहे. यूपीआय धरून चालूच नका. गाड्यांसाठी आणि किरकोळ खरेदीसाठी सुइका नावाचं कार्ड असतं, टेकवलं की झालं. माणशी एक लागतं, एकावर तिघं जाऊ शकत नाही. तुमच्याकडे आयफोन असेल तर ते फोनमध्ये भरता येतं. भारतात घेतलेल्या अँड्रॉइडमध्ये बहुधा नाही, कारण त्यासाठी लागणारी सोय जपानमध्ये विकलेल्या फोनमध्येच असते. मग विमानतळावर प्रवाशांसाठीचं वेलकम सुइका घ्या. ते २८ दिवस चालतं, पण उरलेले पैसे परत मिळत नाहीत, म्हणून थोडे थोडे भरा. क्योटो-ओसाकातही तेच चालतं. नोटा लागतातच, छोट्या खानावळी आणि देवळं अजून रोख मागतात. सेव्हन-इलेव्हन दुकानातल्या एटीएममध्ये आपली कार्डं चालतात. कुठेही यंत्राने रुपयांत घेऊ की येनमध्ये असं विचारलं तर येन म्हणा. रुपये म्हटलंत की दर यंत्रवाल्यांचा, चढा लागतो.

कुकरचं उत्तर तुमच्या घरातच आहे. तिथे १०० व्होल्ट. आपल्या २३० व्होल्टचा ६०० वॅटचा कुकर तिथे जेमतेम ११०-११५ वॅट देईल. खिचडी होईपर्यंत उजाडेल. फोनचे चार्जर चालतात, फक्त दोन चपट्या पिनांचा अडॅप्टर घ्या. खोलीत बहुतेक ठिकाणी किटली असते, गरम पाणी ओतून होणारे उपमा-पोहे न्या. शाकाहारी असाल तर साध्या दिसणाऱ्या सूपमध्येही माशाचा अर्क असतो, तेवढं विचारून खा.

आता तुमची बाग. पुण्यातलं पु. ल. देशपांडे उद्यान ज्या बागेवरून केलंय ती कोराकुएन, ओकायामा शहरात. तिथल्या सरदाराने, इकेदा त्सुनामासाने, १७०० साली ती पुरी करून घेतली. जपानच्या तीन नामांकित बागांत ती गणली जाते. पुण्याच्या बागेपेक्षा कितीतरी मोठी, हिरवळ लांबच्या लांब पसरलेली, आत चहाचा मळा, भाताचं छोटं शेत, पिंजऱ्यात लाल डोक्याचे क्रौंच, आणि नदीपलीकडे काळा किल्ला. ओसाकाहून बुलेट ट्रेनने पाऊण तास लागतो. युनिव्हर्सल स्टुडिओचा जो दिवस वाचवलाय तो हा. सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं, बॅगा ओसाकातच राहू द्या. दोघांना चला म्हणा. नाही आले तर ओसाकात डेन-डेन टाऊन नावाचं धाकटं अकिहाबारा आहे, तिथे सोडा दोघांना आणि तुम्ही एकट्या जा. गाड्या वेळेवर असतात, पाट्या इंग्रजीत असतात, बाग स्टेशनपासून ट्रामने काही मिनिटांवर आहे. पत्रात बाकी सगळे प्रश्न घरच्यांसाठी आणि एकच तुमचा, तोही 'असो'मध्ये. यादी लिहाल तेव्हा हा दिवस सगळ्यात वर लिहा.

ता. क. पॉवर बँक मोठ्या बॅगेत टाकू नका, ती केबिनमध्येच न्यावी लागते. २०,००० एमएएचची म्हणजे साधारण ७४ वॅट-अवर, १०० च्या मर्यादेत बसते. जानेवारी २०२५ मध्ये दक्षिण कोरियात एका विमानाला आग लागली, तिचा संशय डोक्यावरच्या कप्प्यातल्या पॉवर बँकेवर होता. जुलै २०२५ पासून जपानी विमान कंपन्या ती कप्प्यात न ठेवता नजरेसमोर ठेवायला सांगतात. आणि यजमानांना म्हणावं, निघायच्या आधी बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन तिघांच्या कार्डांचा परदेशी वापर चालू करा. तो सहसा बंदच असतो. ओटीपीचे मेसेज तिकडे येण्यासाठी जुन्या सिमचं रोमिंगही इथूनच चालू करून घ्या.